उंबऱ्यावरची फळी

आश्विनातलं ऊन खाडीवर उतरलं होतं. निवळलेलं, सोनसळी, पावसाळ्याचा गढूळ राग विसरून गेलेलं ऊन. वाघोटण खाडीचं नीलहरित पाणी ते अंगावर घेऊन संथ पडलं होतं. माडांच्या झावळ्यांतून झिरपत, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या डोळ्याडोळ्यांतून गळत, तारवाडीच्या मोजक्या घरांच्या अंगणांत सांडत ते ऊन असं काही समजूतदारपणे वावरत होतं, की त्याचा संशय घ्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

समुद्र तेवढा उगाच गप्प होता. गप्प समुद्रावर भरवसा ठेवणारी माणसं घाटावरची. खाडीकाठची माणसं बोलता बोलता एकदा तिकडे पाहून घेतात आणि पुन्हा बोलू लागतात.

द्वारका अंगणात बसून खोबरं किसत होती. शुभ्र, ओलसर, सुगंधी कीस ताटात साचत होता आणि तिच्या मनात करंज्या तळल्या जात होत्या. दिवाळी तोंडावर आली होती. तिचा नवरा लवू कोयंडे ‘रामेश्वरप्रसाद’ गलबतावर खलाशी. लाकूडफाटा आणि सुकी मासळी घेऊन गलबत मुंबईला गेलं होतं. येताना रवा, साखर, नवी लुगडी आणि वाडीतले सगळे पुरुष घेऊन आज-उद्या परतायचं होतं. ज्या काळी गलबतांना शिडाखेरीज दुसरं इंजिन नव्हतं त्या काळी आज-उद्या म्हणजे वारा म्हणेल तेव्हा. पण बाईमाणसाचं मन वाऱ्याला विचारून करंज्या करत नाही.

आत, दाराशी, तिची मथू रांगत होती. वर्षाची व्हायला थोडी बाकी असलेली, काजळडोळी, मऊमांसल मथू. घराचं दार खाडीकडे उघडायचं. उधाणाची भरती आली की पाणी पायरीपर्यंत चढायचं, पायरी चाटायचं आणि हळूच मागे सरायचं. म्हणून दारात, उंबऱ्यावर, एक फळी आडवी उभी केलेली होती; दोन्ही बाजूंना सुंभाने घट्ट बांधलेली. मथू रांगत यायची, फळीला थडकायची, रडायची, आणि मग तिथेच बसून फळीशी खेळायची. फळीवर तिच्या लाळेचा ओघळ कायमचा वाळलेला होता.

फळी काळी होती. तुकतुकीत, तेल प्यायलेली, हातभर उंचीची सागवानी फळी.

गलबताचा काठ बुटका असतो. माल भरला की तो आणखी खचतो, पाणी हात लावावा इतकं जवळ येतं. म्हणून बंदर सुटलं की काठावर अशा फळ्या चढवायच्या. काठावरच्या खुंटांना खाचा असतात, त्यांत वरून सरकवून बसवायच्या. बंदरात आलं की माल उतरवायला त्या पुन्हा उपसायच्या. काढत्या-घालत्या फळ्या त्या. त्यांना कुणी गलबताचं अंग म्हणत नाही, आणि त्यांच्यावाचून गलबत उघडं. बाहेर अथांग, अनावर, अहोरात्र उसळणारा क्षारसागर. आत डेक, माल आणि माणसं. आणि दोघांच्या मध्ये दोन बोटं जाडीचं लाकूड.

पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलं की त्या फळ्या खलाशांच्या घरी वाटल्या जायच्या. डेकवर ज्याची जागा ज्या फळीजवळ, ती फळी त्याच्या घरी. चुलीवरच्या माळ्यावर ती चार महिने धूर खायची, मोरी माशाचं तेल प्यायची. नारळी पुनवेनंतर घरची बाई ती डोक्यावरून किनाऱ्याला न्यायची, आणि खाचेत बसण्याआधी तिला हळदकुंकू लावायची. लेकीला सासरी धाडावं, तसं.

लवूच्या वाट्याला दोन फळ्या होत्या. श्रावणातल्या एका उधाणाला मथू पहिल्यांदा रांगत उंबऱ्यापर्यंत गेली, तेव्हा द्वारकेने माळ्यावरची एक फळी ओढून दारात लावली. त्या दिवसापासून ती फळी दाराचीच झाली. सवय फार गोड असते आणि फार आंधळी असते. भाद्रपदात गलबत निघालं त्या सकाळी द्वारका माळ्यावरची दुसरी फळी डोक्यावर घेऊन उंबऱ्यावरची फळी ओलांडून गेली. मथूच्या गालाला हात लावून लवूही तीच फळी ओलांडून गेला. हळदकुंकू झालं, शिडं भरली, गलबत क्षितिजाआड उतरलं. काही राहिलं, असं कुणाला वाटलं नाही.

आता दुपार कलली होती. शेजारच्या ओट्यावर बसलेले म्हातारे आबा तारी, जन्मभर समुद्र हाकून थकलेले, एकाएकी उभे राहिले. त्यांनी नाक वर केलं. दक्षिणेकडे आकाशाच्या कडेला ताम्रवर्णी रेघ उमटली होती; तिच्याखाली जांभळं, जड, निःशब्द असं काही साठत होतं.

“वारो फिरलो गो,” ते म्हणाले. “सुकत घातलेला आत घ्येवा.”

एवढंच. पण अंगणाअंगणांतून बायका उठल्या. द्वारकाही ताट घेऊन उठली, दाराशी आली, आणि सवयीने पाय उचलला.

मथू फळीच्या पलीकडे बसली होती. फळीच्या कोपऱ्यात सुताराने कोरलेला एक छोटा मासा होता. वाडीतल्या प्रत्येक घराची एक खूण असे, फळी कुणाची ते ओळखायला. कोयंड्यांची खूण मासा. मथूचं इवलं गुलाबी बोट त्या माशाच्या पाठीवरून फिरत होतं. शेपटीपासून डोळ्यापर्यंत, डोळ्यापासून शेपटीपर्यंत.

द्वारकेचा उचललेला पाय तसाच राहिला. ताट कलंडलं. शुभ्र कीस अंगणातल्या धुळीत पडला आणि तिला तो दिसला नाही.

ही फळी इथे. मग तिथे काय?

तिथे खाच. रिकामी, आ वासलेली खाच. फळ्यांच्या रांगेत पडलेलं एक खिंडार, आणि त्या खिंडाराशी नेमकी लवूची जागा. गलबत भरून येत असेल. काठ पाण्याला टेकला असेल. आणि दक्षिणेकडून ते जांभळं काहीतरी येत होतं.

मग वारा आला. आधी माडांच्या शेंड्यांवरून, मग कौलांवरून, मग माणसांच्या अंगावरून. ऊन कुणीतरी गुंडाळून नेल्यासारखं नाहीसं झालं. खाडीचं नीलहरित पाणी शिसवी झालं, शिसवीचं राखाडी झालं. दूरवर पांढरी ओळ उठली, तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. फेनधवल, फणाधर, फुत्कारत येणाऱ्या लाटा. पाऊस आडवा झाला. सगळी वाडी किनाऱ्यावर गोळा झाली होती, कारण सगळ्या वाडीचे पुरुष एकाच गलबतावर होते.

द्वारका मथूला पदराखाली घेऊन उभी होती. तिला बाकीच्या बायकांसारखी समुद्राची भीती वाटत नव्हती. तिला स्वतःची भीती वाटत होती. लाट कुठून शिरेल ते तिला ठाऊक होतं. इतर बायका लाटेकडे पाहत होत्या, ती एका हातभर उंच भगदाडाकडे पाहत होती, जे तिथे दिसत नव्हतं. तिच्या घरातून ती वाट उघडी राहिली होती. तिथून पाणी आत येईल आणि एकट्या लवूला नेणार नाही. गलबत हाकणाऱ्या बापू तांडेलाला नेईल, त्याच्या दोन भावांना नेईल, समोर उभ्या असलेल्या प्रत्येक बाईचं कुंकू नेईल. आणि ह्यातली एकही बाई ते जाणत नव्हती.

तिला ते एकटीला सोसवेना. बापू तांडेलाची बायको जानकी शेजारी उभी होती; उंच, सुकलेली, ओठ मिटलेली. गलबत तिच्या नवऱ्याच्या हाती होतं.

“वैनी,” द्वारका म्हणाली. वाऱ्याने शब्द नेले. ती पुन्हा म्हणाली, “वैनी, आमची एक फळी घराक ऱ्हवली.”

जानकीने मान वळवली नाही. पावसाच्या धारा तिच्या गालांवरून वाहत होत्या. द्वारकेला वाटलं की हिने आता आपल्याला दोन थोबाडीत माराव्यात, म्हणजे बरं वाटेल.

“पोरीच्या डोक्यार पदर घाल,” जानकी म्हणाली. “भिजता ती.”

अंधार पडला, आणि अंधाराने काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. वाडीत कुणी चूल पेटवली नाही. द्वारका मथूला कुशीत घेऊन दाराशी, फळीजवळ बसून होती. बाहेर पाणी पायरी चढत होतं, फळीवर आदळत होतं, आणि फळी हलत नव्हती. तिच्या दाराची फळी एवढीशीही हलत नव्हती. त्या घट्टपणाची तिला चीड आली. तिने फळीवर कपाळ टेकलं आणि फळीला, समुद्राला, गिर्येच्या रामेश्वराला, जो ऐकेल त्याला, एकच सांगत राहिली: चूक माझी आहे.

सकाळ मलूल उजाडली. वारा दमला होता. खाडी तांबूस, मळकट, तुटलेल्या झावळ्यांनी भरलेली. दुपारपर्यंत काही दिसलं नाही. दुपारनंतर आबा ताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि तो खाली घेतलाच नाही.

क्षितिजावर एक रेघ. रेघेचं टोक. टोकाचं डोलणारं लाकूड. फाटकं, चिंध्या झालेलं शीड घेऊन, एका कुशीवर कलून, ‘रामेश्वरप्रसाद’ येत होतं. रडावं की हसावं हे कुणाला कळेना, म्हणून बायका दोन्ही करू लागल्या.

द्वारका घराकडे धावली. तिने सुंभ विळीने कापला, फळी उपसली, डोक्यावर घेतली, मथूला कडेवर घेतलं आणि तशीच पाण्यात गुडघाभर शिरली. गलबत जवळ आलं. काठावरच्या काळ्या रांगेत, सुकाणूजवळ, पडलेल्या दातासारखी ती फट होती. फटीत कुणी नव्हतं.

एकेक पुरुष उतरू लागला. डोळे लाल, ओठ मिठाने फुटलेले. बापू तांडेल. त्याचे भाऊ. बाकीचे. प्रत्येक चेहरा तिच्याजवळून गेला आणि प्रत्येक चेहऱ्यागणिक तिच्या डोक्यावरची फळी जड होत गेली.

सगळ्यांत शेवटी लवू उतरला. वाकून, एका खांद्याने, म्हाताऱ्यासारखा उतरला. तिच्यासमोर येऊन थांबला आणि त्याने फळीकडे पाहिलं.

“तुमका दिसली नाय?” ती म्हणाली. तिचा आवाज तिचा राहिला नव्हता. “जातेवेळी ओलांडलास, तरी दिसली नाय?”

“दिसली हुती,” लवू म्हणाला. “मीच मुद्दाम ठेवन गेलंय.”

त्याने मान वळवून त्या फटीकडे बोट केलं.

“मुंबैत खोक्याची फळी मारून घेतलेलंय. ती पयल्याच लाटेन नेल्यान.”

मागून बापू तांडेल आला. त्याने द्वारकेच्या डोक्यावरची फळी काढून घेतली आणि लवूकडे मान हलवली. “मगे ह्येना थय आपली पाठ लावल्यान. शिडाचो तुकडो पाठीक गुंडाळल्यान, दोरी बांधल्यान, आणि बसलो. उठ म्हटला तरी उठलो नाय.”

द्वारकेला राग आला. इतका, की डोळ्यांत पाणी येण्याआधी तो आला. एका फळीपायी, एका दीड वितीच्या पोरीपायी, सगळ्या वाडीचा जीव ह्या माणसाने टांगला होता, आणि वर सांगतही नव्हता. रात्रभर ती स्वतःला शिव्या घालत बसली होती.

“असा कोण करता?” ती म्हणाली.

“थय फटीत मी हुतंय,” लवू म्हणाला. “हय उंबऱ्यार कोण हुता?”

तिने मथूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती घराकडे वळली.

घरी आल्यावर तिने खोबरेल तेल कोमट केलं आणि त्याचा सदरा मागून वर केला. पाठ निळीजांभळी होती. खांद्यापासून कमरेपर्यंत, हातभर उंचीचा, दोन्ही कडांनी सरळ कापल्यासारखा पट्टा. कडेला दोन काळे वळ, जिथे खुंट रुतले होते. समुद्राने रात्रभर जे दार ठोठावलं होतं ते हे. तिने तेलाचा हात लावला आणि तो शहारला. तिने हात हलका केला. करंज्या राहिल्या होत्या, चूल राहिली होती, मुंबईहून आलेल्या ओल्या लुगड्यांचं गाठोडं दाराशी तसंच पडलं होतं.

दार उघडं होतं. उंबऱ्यावर फळी नव्हती; ती गलबतावर गेली होती. संध्याकाळची भरती खाडीतून चढत होती. शांत, केशरी, काल काहीच केलं नाही अशा चेहऱ्याची भरती. मथू रांगत दाराकडे निघाली. द्वारका उठणार, तोच लवू सरकला. भिंतीला धरून, कण्हत, तो उंबऱ्यावर आडवा जाऊन बसला. तोंड खाडीकडे, पाठ घराकडे.

मथू आली. सवयीने थडकायला आली आणि थांबली. इथे काही निराळं होतं. उष्ण, तेलकट, हलकेच वरखाली होणारं. तिने एक तळवा त्या निळ्या पट्ट्यावर ठेवला. मग दुसरा ठेवला. लवूने ओठ चावले, पण तो हलला नाही. तिने गुडघा उचलला, पाऊल टेकलं, दुसरं टेकलं. आणि बापाच्या पाठीला धरून, लटपटत, डुलत, मथू आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली.

त्याच्या खांद्यावरून ती खाडी बघू लागली. पाणी पायरीपर्यंत आलं, पायरीला लागलं, आणि हळूच मागे सरलं.