माफीचा नारळ

देवळापुढे बसलेल्या गावकीचे मोठे पंच तुळशीराम यांनी नारळ विनिताच्या हातात दिला आणि हनुवटीनेच गावचे पुढारी शिवदासशेठ यांच्याकडे खूण केली. शेठांच्या पायाशी नारळ ठेवायचा, चुकले म्हणायचं, की विषय मिटला.

विषय तरी केवढा? मुंबईत स्टेजवर उभं राहून लोकांना हसवणं हे विनिताचं पोटापाण्याचं काम. तिथे ती म्हणाली होती, आमच्या शेठनी एकाच जेटीचं तीनदा भूमिपूजन केलं, जेटी मात्र अजून कुणाला दिसली नाही. मुंबई पोट धरून हसली. गावानेही तो व्हिडिओ बघितला आणि पंचांसकट सगळे हसले. मग शेठांचा निरोप आला आणि गावाला एकदम अपमान आठवला. माफी नाही, तर विनिताच्या बापाची, हरेश्वरची होडी ओढायला कुणी हात लावायचा नाही, त्याला बर्फ द्यायचा नाही, त्याची मासळी घ्यायची नाही. गाव करी ते राव न करी म्हणतात. इथे गाव आणि राव एकाच बाकावर बसले होते.

हरेश्वर पुढच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याने लेकीला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

विनिता निघाली. शेठांनी पाय जरा पुढे घेतले. ती त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या सोनूबाईसमोर तिने वाकून नारळ ठेवला.

सोनूबाई बाजारात मासळी विकते. बोलताना अडखळते. विनिताचं नाव झालं ते तिचीच नक्कल करून. मग काशीदला आलेले पर्यटक मुद्दाम मुरुडच्या बाजारापर्यंत यायचे, सोनूबाईच्या तोंडापुढे मोबाइल धरायचे आणि ‘मावशी, पापलेट म्हणा ना’ म्हणत हसायचे. तिने गिऱ्हाइकाला हाक मारणंच सोडलं. त्यासाठी गावकी कधी बसली नाही.

“चुकले मी, काकी,” विनिता म्हणाली. “तुझ्या जिवावर मोठी झाले.”

“आणि शेठ?” तुळशीरामांनी विचारलं.

“त्यांचं बोलले ते खरं हाय. खऱ्याची माफी मी मागणार न्हाय. जेटी बांधू देत, त्याच स्टेजवरून शब्द मागं घेते.”

आता सगळे हरेश्वरकडे बघू लागले. पण बोलायला लागली सोनूबाई. पहिलाच शब्द अडकला. कुणी हसलं नाही, सगळे थांबले.

“मी... माफ न्हाय केलं तुला,” ती म्हणाली. “पन ते ज... जेटीचं सांग. माझ्याकडं मोबाइल न्हाय.”

विनिताने बापाकडे पाहिलं. हरेश्वर उठला. लेकीला हाताला धरून घरी नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्याने आपली खुर्ची उचलली आणि शेठांच्या अगदी समोर नेऊन ठेवली.

“हितं बस, वैनी,” तो सोनूबाईला म्हणाला. “हितून नीट ऐकू येल.”