दोन अंशांवरची बरणी

सफरचंदाचा गुळांबा म्हटलं की लोक हसतात. कैरीचा असतो, हे सगळ्यांना माहीत. सफरचंदाचा कुठून आला? आला तो कंटेनरमधून. उरणजवळच्या एका यार्डात मी सव्वीस वर्षं थंड कंटेनर सांभाळले. बोटीवरून सफरचंदं उतरायची, कंटेनरला वीज जोडायची, दर चार तासांनी तापमान बघायचं आणि कागदावर लिहायचं. तपासणीसाठी फोडलेली खोकी पुन्हा भरता येत नसत. त्यातलं एखादं खोकं साहेब आम्हा कामगारांना देऊन टाकायचे.

पहिलं खोकं घरी आणलं तेव्हा माझी मुलगी मानसी पाच वर्षांची होती. तिने दोन सफरचंदं खाल्ली, काशीने एक खाल्लं, आणि चौथ्या दिवशी बाकीची मऊ पडायला लागली. काशी म्हणजे माझी बायको. ती अन्न टाकून देणारी बाई नव्हती. तिच्या आईचा कैरीचा गुळांबा तिला येत होता. तिने सफरचंदालाच कैरी समजून किसणीवर धरलं. त्या दिवसापासून तो आमच्या घरचा पदार्थ झाला. मानसी शाळेत डब्यात न्यायची आणि पोरी तिच्यामागे लागायच्या.

काशी जाऊन दोन वर्षं झाली. जाण्याच्या महिनाभर आधी तिने शेवटचा गुळांबा केला, त्याची एकच बरणी भरली. ती मी फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवलीय, शेजारी तापमापक ठेवून. दोन अंश. सकाळी उठलो की आधी तो बघतो, मग चहा. कुणाला वेड वाटेल, पण घरात आता माझी वाट बघणारं तेवढंच आहे. ती बरणी मी उघडलेली नाही आणि उघडणारही नव्हतो.

सोमवारी मानसीचा पनवेलहून फोन आला. तिला चौथा महिना लागलाय आणि पोटात काही ठरत नाही. भात नको, भाकरी नको, माशाचा वास तर अजिबात नको.

"बाबा, आईचा गुळांबा आहे ना तुमच्याकडे? तेवढाच खावासा वाटतोय. रविवारी येऊ का?"

"ये ना," मी म्हणालो. "पण तो जुना कशाला? मी ताजा करतो."

"तुम्ही?" ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी रागावलो नाही.

फोन ठेवला आणि मग माझं मला कळलं की मी काय कबूल करून बसलोय. कारण मला चव कळत नाही.

कोरोनात माझी चव गेली आणि वासही गेला. लोकांचा परत आला, माझा आला नाही. हे फक्त काशीला माहीत होतं. मानसीला सांगितलं तर ती पहिला प्रश्न विचारेल, "बाबा, गॅस गळला तर तुम्हाला कळणार कसं?" आणि मग मला उचलून पनवेलला तिच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. मला तिथे जायचं नाही. माझं घर इथे आहे. मी रोज दोनदा सिलिंडरचं बटण हाताने चाचपून बंद करतो, सव्वीस वर्षांत एक रीडिंग चुकवलं नाही, हेही चुकवणार नाही.

काशी होती तोवर काही अडलं नाही. जेवायला बसलो की ती आधी घास घ्यायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. खारट असलं की तिचा डावा डोळा बारीक व्हायचा. तिखट असलं की नाकपुड्या फुगायच्या. छान झालं असेल तर ती नुसती मान हलवायची. पाहुण्यांदेखत मी ऐटीत म्हणायचो, "आज आमटीत मीठ जरा पुढे गेलंय," आणि काशी पदरात हसायची. ती गेल्यापासून मी नुसतं पोट भरतो. भात गरम असतो आणि ताक गार असतं, एवढंच कळतं.

तरी मला गुळांब्याची भीती वाटली नाही, कारण माझ्याकडे कागद होता. निवृत्त झालो त्या वर्षी करमत नव्हतं म्हणून मी काशीच्या कढईत यार्डातला जुना तापमापक बुडवून दर दहा मिनिटांनी आकडे लिहून ठेवले होते. किस दोन किलो, गूळ एक किलो, लवंगा चार, आच मंद, एकशे चार अंशाला उतरवणे. काशी म्हणाली होती, "गुळांब्याला ताप आलाय का, सारखं बघताय ते?"

शनिवारी सकाळी उरणच्या बाजारातून सफरचंदं आणली. सालं काढली, किसली, किस मिठाच्या पाण्यातून काढला म्हणजे काळा पडत नाही. गूळ घातला. ढवळत राहिलो. एकशे चार अंशाला गॅस बंद केला. दिसायला अगदी तसाच, तांबूस आणि चकचकीत. चमच्याने जिभेवर ठेवला. गरम होता आणि चिकट होता. बाकी काही नाही.

आणि मी सवयीने समोर बघितलं. समोर ओट्यावर डबे होते.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तिथेच स्टुलावर बसलो. पोर चाळीस किलोमीटरवरून आईची चव मिळेल म्हणून येणार, आणि मी तिला काय वाढतोय हे मलाच ठाऊक नाही. चुकला असेल तर ती तोंड वाकडं करणार नाही, माझ्यासाठी गिळेल आणि न्हाणीत जाऊन ओकेल. मग मला ती बरणी काढावी लागेल.

काशीच्या गुळांब्याची चव ओळखणारं माणूस गावात एकच होतं, आणि ते भिंतीपलीकडे राहत होतं. माझी वहिनी, रखमा. थोरला भाऊ हिरामण याची बायको. तिच्याशी मी आठ वर्षं बोललो नव्हतो.

हिरामण गेला तेव्हा मी कामावर होतो. फोन आला दुपारी एकला. माझ्या जागी येणारा माणूस पोचला नव्हता आणि चाळीस कंटेनरांचं दोन वाजताचं रीडिंग बाकी होतं. मी थांबलो. तो येईपर्यंत पाच वाजले. घरी पोचलो तर हिरामणला नेलेलं होतं. अंगणात सगळा गाव बसलेला, आणि रखमा वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "सफरचंदा सडली आस्ती काय, भावोजी?"

आत गेलो तो गेलोच. मला तिचा राग आला असं मी आठ वर्षं स्वतःला सांगत आलो. काशीने समजावलं, मी ऐकलं नाही. आमच्या घराण्यात हट्ट कुणालाही कमी मिळालेला नाही.

शनिवारी दुपारी मी वाटीत गुळांबा घेतला आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. वहिनी वाल सोलत बसली होती. म्हातारी झालीय. बघितलं आणि म्हणाली, "या." जसं काही मी कालच येऊन गेलो होतो.

"मानसीसाठी केलाय," मी म्हणालो. "काशीसारखा झालाय का, तेवढं सांगा."

तिने बोटभर घेतला. मी तिच्या पायरीकडे बघत होतो.

"गोड झालाय," ती म्हणाली. "नुस्ता गोड. आगळ कुठाय?"

"कसलं आगळ?"

"आवो, कोकमाचं. सफरचंदाला आंबटपणा हाय का सोताचा? पळीभर आगळ लागतं त्यात."

"काशी आगळ घालत नव्हती," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "माझ्याकडे लिहिलेलं आहे. सगळं लिहिलेलं आहे."

"तुमच्या कागदात न्हाय, म्हंजे कढईत न्हाय?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी तरातरा घरी आलो, फ्रीज उघडला, वरच्या कप्प्यातली बरणी उचलली आणि तिच्यासमोर नेऊन आपटली. झाकण घट्ट बसलं होतं. जोर करून फिरवलं आणि ते कट्‌ करून सुटलं. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. दोन वर्षं सांभाळलेली बरणी मी एका भांडणापायी उघडली होती.

"ही काशीच्या हातची," मी म्हणालो. "खा आणि सांगा, आहे का यात आगळ."

वहिनीने चमचा घेतला, खाल्लं, आणि चमचा खाली ठेवला. बराच वेळ ती बरणीवरून हात फिरवत राहिली.

"आगळ हाय यात," ती म्हणाली. "मीच घातलंय. भावोजी, ह्यो काशीच्या हातचा न्हाय. माझा हाय."

"काहीतरी बोलू नका."

"कशाला खोटं बोलू? शेवटाला तिला कढई उचलवत व्हती का, तुमीच सांगा. दुपारचं तुमी झोपलं की ती यायची. पार पयल्यापासून यायची, आपलं बोलणं बंद झालं तवाबी. त्या दिशी हितं बसली, या पाटावर. मी किसलं, मी ढवळलं, ती सांगत व्हती. पोरीसाठी ठेवायचा म्हनाली. मग पदराखाली बरणी झाकून घेऊन गेली."

दोन ते चार ही माझी झोपेची वेळ. शिफ्टची सवय, नगारा वाजवला तरी उठत नाही. जाईपर्यंत सहा वर्षं माझी बायको त्या दोन तासांत भिंतीपलीकडे जात होती आणि चारला मला चहा देत होती. आणि रोज सकाळी तापमापक बघून मी ज्याला काशीचा हात म्हणत होतो, तो हात माझ्यासमोर वाल सोलत बसला होता. मला वाटलं काशी दुसऱ्यांदा गेली. माझ्याकडे तिचं काहीच उरलं नाही.

मी तिथेच जमिनीवर बसलो. वहिनी आत गेली, पाणी घेऊन आली. मी प्यालो.

"सडली नसती, वहिनी."

"काय?"

"सफरचंदं. कंटेनरचं दार बंद असलं की दहा तास काही होत नाही त्यांना. मला माहीत होतं. एक रीडिंग चुकलं असतं कागदावर, बस. हिरामणला मी..."

माफ केलं असंही ती म्हणाली नाही आणि नाही असंही नाही. वालाची टोपली बाजूला सारली, कपाटातून आगळाची बाटली काढली आणि म्हणाली, "चला. पोरगी उद्या येयाची हाय."

आमच्या स्वयंपाकघरात ती आठ वर्षांनी आली. काशीचे डबे जिथल्या तिथे बघून जराशी थांबली, मग स्टूल ओढून बसली. "ढवळा तुमीच," म्हणाली. "माझा खांदा चालत न्हाय आता." मी पुन्हा गॅस पेटवला. तिने सांगितलं तसं पळीभर आगळ घातलं. रंग गडद झाला. ती "आच कमी करा," म्हणाली, मी केली. तापमापक मी लावला नाही.

शेवटी तिने थोडा बशीत घेतला, फुंकर मारली आणि मला हाक मारली.

"भावोजी, हिकडं बघा."

मी कढईकडे बघत होतो.

"काशीनं सांगून ठेवलंय मला," ती म्हणाली. "तुमाला चव कळत न्हाय ते. यांना कधी काय खायला दिलंस तर आधी तू खा, म्हनाली, आन् यांना तुजं तोंड दिसू दे. दोन वर्सं मी तुमच्या दारापुढनं जातेय. तुमी एकदाबी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय."

मी हातातलं उलथनं खाली ठेवलं. वहिनीने चमचा तोंडात घातला आणि तोंड माझ्याकडे केलं, शाळेतली पोर फोटोला बसते तसं, सरळ. मी बघितलं. आधी तिच्या भुवया वर गेल्या, मग दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि बोळक्या तोंडाच्या गालांत खड्डे पडले.

आंबट झाला होता. मी गुळाचा डबा काढला.