पंखा आणि गूळ

इनूसनं ओलं पोतं खिडकीच्या फटीत कोंबलं, पंखा बंद केला आणि नाकातोंडाला फडकं बांधून रंगाची गन पुन्हा उचलली.

पंखा नवाच होता. तपासणीला आलेले साहेब ट्रक रंगवायच्या या खोलीतून खोकत बाहेर पळाले होते. वाफ बाहेर ओढणारा पंखा हवाच, खिडक्या उघड्या हव्यात, असं बजावून गेले. मालक पोपटरावांनी कुरकुर न करता पंखा बसवला. पण तो लावला की शिरूर रस्त्याची धूळ आत यायची आणि ओल्या रंगावर रवा सांडल्यासारखी बसायची. मग घासा, पुन्हा मारा. इनूसच्या खांद्यात आता तेवढं बळ उरलं नव्हतं.

"पंखा सायबाला, गूळ आपल्याला," तो म्हणायचा. पोपटरावांनी दिलेली ढेप कोनाड्यात उघडीच असायची. गुळानं छाती साफ होते, हे दौंडात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

दुपारी शहाबानो डबा घेऊन आली. सातवीतली पोर, तोंडाला विसावा नाही.

"अब्बा, पंखा काय शोभेला टांगलाय व्हय?"

"धूळ बसती गं. सांजच्याला ट्रक द्यायचाय."

"माझं तर डोळं झोंबत्यात. कसला हा वास!"

"कुठं हाय वास? तुझं आपलं कायतरीच."

तिनं हसत कोनाड्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि लगेच दाराबाहेर थुंकली.

"शी! नुसता रंग चाटल्यावानी लागतोय! तुमी रोज हाच खाता?"

इनूसनं फडकं खाली ओढलं. एक खडा नाकाशी धरून जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. ना गुळाचा वास आला, ना रंगाचा. मग तो जिभेवर ठेवला.

"गोड तर हाय," तो म्हणाला.



इनूस ट्रककडे बघत उभा राहिला. हिरवा रंग आरशासारखा ओला होता, कुठं एक कण नव्हता. मग तो जड पावलांनी खिडकीशी गेला. पोतं ओढून काढलं, खिडकी सताड उघडली, पंखा लावला.

बाहेरून एक ट्रक धुरळा उडवत गेला. शहाबानोनं घाईनं खिडकीकडे हात नेला.

"अब्बा, रंगावर बसंल सगळं!"

इनूस दारातच खाली टेकला आणि त्यानं डबा जवळ ओढला.

"बसू दे," तो म्हणाला.