शेजारच्या सीटवरून

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, चालू इंजिनावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

त्याची मुलगी शेजारी उभी होती. गाडीचा मालक, औषधांचा दुकानदार, किल्लीची रिंग बोटाभोवती फिरवत होता. दोघंही मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होते.

"इंजिनातलं टॅपेट वाजतंय," मिस्त्री डोळे उघडून म्हणाला. "किरकोळ."

दुकानदाराचा चेहरा उजळला. "बघा, मी म्हणत नव्हतो? वय झालं की हाडं वाजायचीच. माझी वाजतात, मग गाडीनंच काय घोडं मारलंय?"

मुलगी हसली नाही.

"पण बाबा, आवाज आत्ता येतच नाहीये. मघाशी रस्त्यावर येत होता."

मिस्त्रीनं हात काढला आणि फडक्याला पुसला. पुसण्यासारखं हाताला काही लागलेलं नव्हतं.

बस डेपोत उभी हयात गेली होती त्याची. हातोड्यांच्या दणक्यात कान कधी गेले, ते कळलंही नव्हतं. जवळून कोणी बोललं की समजायचं, बारीकसारीक आवाज मात्र कधीच हरवले होते. हे घरात फक्त बायकोला ठाऊक होतं. नात्यातलं, शेजारचं कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मिस्त्रीला बोलवायचं, आणि मिस्त्री बायकोला शेजारी बसवून एक चक्कर मारून यायचा. परत आला की रोग सांगायचा. तो कधी चुकत नसे. 'मिस्त्रीला बायकोशिवाय गाडी हलवता येत नाही,' अशी गल्लीत थट्टा चालायची. दोघंही ती हसण्यावारी न्यायची.

बायको जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

मुलगी नर्स होती. तिची बदली लांबच्या दवाखान्यात झाली होती. रस्ता ट्रकांचा, आणि जाता-येता ती एकटीच. नवऱ्यानं चार गाड्या दाखवल्या होत्या, पण तिचं एकच पालुपद होतं, "बाबांनी बघितल्याशिवाय नाही."

"संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, ताई," दुकानदार म्हणाला. "मिस्त्री स्वतः किरकोळ म्हणतायत. मग आता कशाला घोळ घालायचा?"

मुलीनं वडलांकडे बघितलं. "घेऊ मग?"

मिस्त्रीनं फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"अजून एक चक्कर मारून येऊ."

"मारा की," दुकानदार म्हणाला. "पेट्रोल माझंच जळतंय."

मिस्त्रीनं आपली हत्यारांची पिशवी आणि जॅक मागं ठेवला आणि स्टिअरिंगवर बसला. मुलगी सवयीनं मागचं दार उघडू लागली.

"मागं नको," तो म्हणाला. "इथं बस, शेजारी."

वस्ती संपून मोकळा रस्ता लागला. समोर बघतच तो म्हणाला, "काच खाली कर. आवाज आला की सांग."

"आला की. तुम्हाला नाही आला?"

"तू सांग. कसा येतोय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "जात्यात खडा आल्यासारखा."

त्यानं वेग वाढवला. "आता?"

"वाढला."

त्यानं गिअर काढून गाडी तशीच घरंगळू दिली. इंजिन शांत झालं. "आता?"

"तसाच आहे."

"म्हणजे इंजिनाचा नाही. टॅपेटचा तर नाहीच नाही." हे म्हणताना त्याचे कान लाल झाले. पुढं रस्ता रुंद होता. त्यानं गाडी उजवीकडे घेतली, मग डावीकडे. "कुठं वाढतो?"

"उजवीकडे वळलात की वाढतो. डावीकडे जवळजवळ बंद."

"उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकावर येतो," तो म्हणाला आणि गाडी कडेला घेतली.

त्यानं जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं. एका हातानं चाक फिरवलं, दुसरा हात आत घालून स्प्रिंगवर ठेवला. या वेळी डोळे मिटले नाहीत. मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती.

"हात दे इकडं."

त्यानं तिची बोटं स्प्रिंगवर टेकवली आणि चाक फिरवलं. आतून वाळू सरकावी तशी बारीक थरथर तिच्या बोटांत आली.

"बेअरिंग खलास झालंय," तो म्हणाला. "अशीच नेली असतीस तर एखाद्या दिवशी चाकच निखळलं असतं."

मग ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला हा आवाज आलाच नव्हता ना?"

मिस्त्री जॅक खाली उतरवत होता. "नाही."

"मग इतकी वर्षं..."

"तुझी आई ऐकायची. मी हातानं बघायचो." त्यानं जॅक पिशवीत घातला. "ती असती तर मघाशी टॅपेट म्हणालो तेव्हाच चिमटा काढला असता मला."

परत येताना मुलीनं गाडी चालवायला घेतली. मिस्त्री पिशवी मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसला. ही बाजू त्याच्या सवयीची नव्हती. पाय ठेवायला जागा जास्त होती आणि हातांना काम नव्हतं.

"बेअरिंग बदलून दिलं तर घे," तो म्हणाला. "बाकी गाडी चोख आहे."

"हं."

"दुकानदार कुरकुर करेल. करू दे."

त्याला नीट कळावं म्हणून ती वेग कमी करून, तोंड त्याच्याकडे वळवून म्हणाली, "आपल्या जुन्या गाडीत आईला सारखे आवाज यायचे, आठवतं? संध्याकाळी भांडी आवरली की म्हणायची, मागून काहीतरी वाजतंय, चला बघू."

"आठवतंय की. किती वेळा खोलली मी ती गाडी. कधीकधी काहीच सापडायचं नाही."

"सापडणार कसं? मी एकदा विचारलं होतं तिला. म्हणाली, हे घरात असले की पाना घेऊन कोपऱ्यात बसतात. गाडीत तरी शेजारी बसतात."

मिस्त्री खिडकीबाहेर बघत होता. ऐकू आलं नसावं असं वाटून ती पुन्हा सांगणार, तेवढ्यात तो म्हणाला, "सगळेच खोटे?"

"सगळे नसतील. अर्धेमुर्धे."

"अर्धे कुठले?"

"ते तिनं नाही सांगितलं."

वस्ती लागली. दुकानदार फाटकात उभा होता. गाडी बघून त्यानं हात वर केला. मुलीनंही हात वर केला आणि गाडी तशीच पुढं नेली. दुकानदाराचा हात वरच राहिला.

"अगं, फाटक मागं गेलं."

"अजून एक आवाज येतोय, बाबा."

मिस्त्रीनं वळून तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती.

"कुठून?" त्यानं विचारलं.

"कळत नाहीये. थोडं लांब जावं लागेल."

त्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि सीटला पाठ टेकली.

"सावकाश चालव," तो म्हणाला. "बेअरिंग गेलेलं आहे."