गरम ठेवलेला बॉयलर

कोळशाचं जुनं वीजकेंद्र बंद करायचा हुकूम ऊर्जा खात्याच्या सचिवबाईंनीच काढला होता, आणि आता त्या हुकुमाची पहिली संध्याकाळ त्यांच्या छातीवर बसली होती. दिवसा उन्हाची वीज मुबलक. प्रश्न सारा दिवेलागणीचा. शहर अंधारात गेलं तर हुकूम रद्द, हे मंत्रिसाहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. मग चिमणी पुन्हा धूर ओकणार, आणि तिच्या राखेत खोकणारी वस्ती खोकतच राहणार.

म्हणून बाईंनी एक चोरटा बंदोबस्त केला होता. त्या केंद्राचा बॉयलरप्रमुख म्हणजे त्यांचा सख्खा मामा. थंड बॉयलर तापून वीज यायला अख्खी रात्र जाते, तेव्हा त्यांनी मामाला गळ घातली, "हुकूम राहू दे कागदावर. आजचा दिवस बॉयलर गुपचूप गरम ठेव."

मामा "बरं" म्हणाला होता.

ऊन उतरलं. नियंत्रण कक्षात सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या आकड्यावर. वीज कमी पडली की तो घसरतो, आणि फार घसरला की खेळ खलास. दुपारी उन्हाच्या विजेने डोंगरावरच्या तलावात चढवलेलं पाणी आता खाली सोडलं होतं. त्यावर वीज बनवणारी चक्रं फिरायची होती. आकडा घसरू लागला, आणि चक्रांचा पत्ताच नाही! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. फोन उचलून त्या ओरडल्याच, "मामा, बॉयलर वापरात घे!"

"घेतो की. आधी पाणी पी."

"ही काय चेष्टेची वेळ आहे?"

"अगं, पी तर. लहानपणापासून मेली घाई हिची!"

बाई चिडून घोटभर पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवेस्तोवर आकडा थबकला, मग हळूहळू वर चढला. चक्रं फिरत होती! खिडकीबाहेर सगळं शहर लखलखीत. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांदेखत चक्क रडल्या.

"मामा, नको घेऊस आता. विझवून टाक."

"काय विझवू? सकाळीच विझवला."

"अरे! तू तर बरं म्हणालास!"

"गरम आहे म्हटल्यावर आज मागितलास. मिळाला असता तर उद्याही मागितला असतास, परवाही. तुझं गणित बरोबर होतं गं, धीर तेवढा कमी होता."

"आणि आकडा चढला नसता तर?"

"दोघांनाही घरी बसवलं असतं. मला तर तू बसवलंच आहेस!" मामा खदखदून हसला. "आता मोकळाच आहे. ये जेवायला."