विचारून करायची जादू

बारकी चाळिशीला टेकली तरी घरात तिला बारकीच म्हणत. कपडे दुरुस्त करून द्यायचं तिचं दुकान होतं. झिप बदलणं, उसवलेलं शिवणं, आखूड-लांब करणं, असली कामं. रविवारी दुपारी दुकान बंद असे. तेव्हा कापड बेतायच्या लांब टेबलावर ती खेळ मांडायची. ती एक गोष्ट सांगे, टेबलाभोवतीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होत, आणि पुढं काय घडणार ते फासे टाकून ठरे. दादा योद्धा होता, त्याची तलवार मंत्रानं पेटायची. वहिनी जखमा भरून काढणारी वैदीण. तिसरा दादाचा मित्र, गुरांचा डॉक्टर. तो खेळात चोर होता आणि त्या धंद्यात चांगलाच रमला होता.

आई गेल्यावर बहीणभावाचं येणंजाणं तेवढ्या रविवारावरच टिकलं होतं. म्हणून बारकी खेळाला फार जपायची.

अडचण जादूची झाली. खेळाच्या मूळ नियमांत पात्रानं एक झोप काढली की संपलेली जादू परत मिळे. त्यामुळे तिघंही दहा पावलं चालत, एक ठिणगी पाडत आणि पांघरूण ओढून घेत. "राक्षसाला मारायला निघालात की घोरायला?" असं बारकी वैतागून म्हणाली आणि तिनं घरचा नियम केला. कागदावर लिहून तो टाचणीनं भिंतीला लावला. डोंगरातल्या झऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तिघांची मिळून जादू एकच. ती म्हणजे वाडग्यातली चाळीस बटणं. छोट्या मंत्राला एक, मोठ्याला सहा. उचलण्याआधी सगळ्यांना विचारायचं.

पहिला रविवार झकास गेला. दुसऱ्या रविवारी वाडगा दादाच्या पुढ्यात जाऊन बसला. कुणी ठेवला नाही, आपसूकच गेला. दादा पाणीपुरवठ्यात कामाला होता. कुठल्या गल्लीची झडप किती वेळ उघडायची हे ठरवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या शिव्या खाऊन त्यानं टाकीत पाणी राखलेलं होतं. पुरवून वापरणं त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"दोन घेऊ का?" वहिनीनं विचारलं.

"कशाला? खरचटलंय नुसतं. राहू दे, पुढं लागतील."

तिसऱ्या रविवारी रात्री भांडी विसळताना बारकीच्या लक्षात आलं, की तीन तासांत वहिनी एकच शब्द बोलली होती. "चालेल." वहिनी खेळ सोडणार. वहिनी सोडणार म्हणजे दादाही येणार नाही, आणि मग बहीणभावानं लग्नकार्यात भेटायचं, कसं काय बरं आहे म्हणायचं. त्या आठवड्यात तिनं एका कोटाची बाही उलटी जोडली. तीही दोनदा.

शेवटी न राहवून गुरुवारी तिनं वहिनीला दुकानात बोलावलं. निमित्त एका परकराच्या मापाचं.

"वहिनी, खेळाचा कंटाळा आला का तुला?"

वहिनी मापाची टेप बोटाला गुंडाळत राहिली. "खेळाचा नाही गं. विचारायचा आलाय. घरी नळ जरा मोठा सोडला तरी मागून हात येतो आणि बंद करतो. वाईट नाहीत ते, मला ठाऊक आहे. पण खेळात तरी मला कुणाला विचारायला नको होतं."

बारकीला ओशाळल्यासारखं झालं. तो नियम तिनंच लिहिला होता, आणि वर टाचणीही मारली होती. तिनं नवा नियम लिहिला, घडी करून खिशात ठेवला आणि रविवारपर्यंत धास्तावून राहिली. हा नियम वाचला की दादा म्हणणार, माझ्यावर रोख आहे. नाही वाचला तर वहिनी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी तिघं आले आणि खेळ सुरू झाला. कागद खिशातच राहिला. आधी गोष्टीतला हा पूल पार होऊ दे, मग सांगू, असं ती स्वतःला बजावत होती. पुलावर डॉक्टरच्या चोराला विषारी काटा लागला. फासे त्याच्या विरुद्ध पडले आणि चोर मरणाच्या दारात गेला. वाडग्यात अकरा बटणं होती. वहिनीनं हात पुढं केला, तसा दादानं वाडग्यावर पंजा ठेवला.

"थांब. सहा जातील. विचार करू."

"अहो, हात काढा."

"सगळ्यांना विचारायचं असतं. नियम आहे. बारके, सांग की हिला."

डॉक्टर हळूच म्हणाला, "माझं मत विचाराल तर मला जगायला आवडेल." कुणी हसलं नाही.

"नियम माझा चुकलाय, दादा," असं बारकी म्हणाली खरी, पण आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ऐकू आला नाही. वहिनीनं पेन्सिल खाली ठेवली, चपला घातल्या आणि ती बाहेर पडली.

"मी काय केलं?" दादानं विचारलं. तो खरोखरच गोंधळला होता.

बारकीनं वहिनीचा खेळाच्या नोंदी ठेवायचा कागद त्याच्यापुढं सरकवला. समासात बारीक अक्षरात ओळी होत्या. 'म्हातारीचा ताप उतरवता आला असता. विचारलं नाही.' 'आंधळ्या घोड्याला डोळे. विचारलं नाही.' अशा चौदा ओळी.

दादानं त्या दोनदा वाचल्या. मग चष्मा तिथंच विसरून तो बाहेर गेला.

बारकी आणि डॉक्टर बसून राहिले. वीस मिनिटं झाली. डॉक्टरनं गाभण म्हशीचा एक किस्सा काढला आणि अर्ध्यावर सोडला. बारकी उठून दारापर्यंत जाई आणि परत येई. आपण एका कागदानं भावाचा संसार मोडला, असं तिला वाटू लागलं. चाळीस मिनिटांनी दोघं आले. वहिनीचे डोळे लाल होते, दादाचे कान. काय बोलले ते कुणी विचारलं नाही. बारकीनं खिशातला कागद काढून एका दमात वाचला. प्रत्येकाची जादू वेगळी, उरलेली बटणं वाटून घ्यायची, कुणी कुणाला विचारायचं नाही.

वहिनीला चार आली, डॉक्टरला चार, दादाला तीन. मंत्राला सहा लागत होती, आणि मरणाऱ्या चोराला स्वतःची जादू वापरता येत नव्हती. दादानं आपली दोन बटणं तिच्याकडं सरकवली.

"नको," वहिनी म्हणाली. "तुम्हाला लागतील तुमची. माझ्या चारांत होईल तेवढं करते. जीव वाचेल, डावा हात जाईल."

"डावा तर डावा," डॉक्टर म्हणाला. "चोरी उजव्यानंच करतो मी."

दादानं दोन्ही बटणं परत ओढून घेतली. बारकीला ते पाहवलं नाही.

पुढच्या रविवारी तीन वाजून गेले तरी कुणी नाही. सव्वातीन झाले. बारकी खिडकीशी उभी राहून नखं खात होती. मग वहिनी आली, मागोमाग डॉक्टर. मोठी जलवाहिनी फुटली होती, दादा तिथं अडकला होता. "सुरू करा म्हणालेत," वहिनी म्हणाली आणि पदर खोचून बसली.

दादा साडेचारला आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. दोघं तोवर झऱ्याला पोचले होते आणि वहिनीनं झऱ्याच्या राखणदाराशी मोठं भांडण उकरून काढलं होतं. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मला काहीच माहीत नाही. सांग बरं पहिल्यापासून."

वहिनी सांगू लागली. मध्ये डॉक्टरनं तोंड घातलं, तर तिनं त्याला हातानंच थोपवलं. बारकी पाणी आणायला उठली. परत आली तरी वहिनीचं सांगणं चालूच होतं.