बांधावरची बोराटी

मित्रांनो, मी अमळनेरजवळच्या एका शेताच्या बांधावर वाढलेली म्हातारी बोराटी आहे. झाड म्हणावं तर जेमतेम कमरेएवढी, गवत म्हणावं तर अंगभर काटे. पोरं माझी चणीबोरं खिशात भरायची आणि ओरखडा उठला की मलाच शिव्या द्यायची! असू द्या.

या शेताची मालकीण सुंदरबाई. बांधाची माती दर पावसाळ्यात नाल्यात वाहून जायची, म्हणून नवी नवरी असताना तिनं इथे बोराच्या आठळ्या पुरल्या. मी पसरले, मुळांनी माती धरून ठेवली. दर माघात ती मला बुडापासून छाटायची आणि काट्यांचं कुंपण करायची. दुखायचं हो, पण मी पुन्हा फुटायचे. खालच्या फांद्यांची बोरं मात्र ती कुणाला तोडू देत नसे. ती तितरांची आणि कोल्ह्याची. माझ्या जाळीत तितरीण अंडी घालायची, कारण काट्यांमुळे कुत्री आत शिरत नसत. मला त्याचा फार अभिमान होता.

गेल्या आषाढात माझाच काटा सुंदरबाईच्या पायाच्या अंगठ्यात मोडला. तिला साखरेचा आजार. पाय चिघळला, धुळ्याच्या दवाखान्यात अंगठा कापावा लागला. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात तिचा मुलगा प्रेमराज पाठीवर पंप घेऊन आला. डोळे रडून लाल झालेले. त्यानं माझ्या पानापानावर तणनाशक मारलं. आत तितरीण अंड्यांवर बसली होती. ती भुर्रकन उडाली, त्यानं तिकडे पाहिलंही नाही. छाटलं तरी माझी मुळं जगतात. हे विष थेट मुळांत उतरलं.

महिन्यानं सुंदरबाई काठी टेकत आली आणि मला पाहून मटकन खाली बसली.

"हाई काय करं रे, प्रेमराज?"

"तुना साठेच करं, माय."

"काटा मन्हा पायमा मोडना. तितरंस्नी तुनं काय बिघाडं व्हतं?"

प्रेमराजनं वाळलेली जाळी हातानं बाजूला केली. आत सहा अंडी तशीच पडून होती. त्यानं एक उचललं, आणि मग त्याला ते खाली ठेवताच येईना.

मित्रांनो, मी आता फुटेन असं वाटत नाही. तुमच्या बांधावर माझी एखादी बहीण असेल, तर तिला खुशाल छाटा. पण पंप उचलण्याआधी एकदा वाकून आत बघा.